न बुरसलेल्या लोणच्याचं प्रकरण

"भादवा सरत आला, अन् बुरशीचा पत्ता न्हाई. काय धाड भरली बाई ह्या लोणच्याला?"

चतुराबाई बरणीत डोकावून पुटपुटल्या. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सविताने, त्यांच्या सुनेने, मान आणखी खाली घातली. ताटात खडा नव्हता, तरी ती शोधत राहिली.

पुटपुटणं ओसरीवर पोचलं आणि त्यांचे यजमान दिनकरराव उठले.

"माझ्या नजरेतून काय सुटतं का? तीस वर्षं एस्टीत तिकिटं तपासली. जिंतूर रस्त्यावर फुकट्या माणूस मी नुस्त्या खोकल्यावरून वळखायचो. पेडगावात असं डोकं दुसरं न्हाई!"

निवृत्तीनंतर त्यांनी दोन प्रकरणं सोडवली होती. दोन्हींत हरवलेली वस्तू त्यांच्याच उशाखाली निघाली होती.

सविताच्या हातात वही आली. सहायक म्हणून तिची नेमणूक लग्नातच झाली होती, फक्त तिला कळवलं नव्हतं.

"लिही. संशयित पहिली, शेजारची धुरपदाबाई. जळती आपल्यावर. तिनं बरणी बदलली."

"म्हणजे सोताचं चांगलं हितं ठिवून आपलं बुरसकं नेलं, मामा?"

"हीच तर चलाखी! लिही."

सविताने लिहिलं, चलाखी.

"न्हाईतर कैऱ्याच संकरित असतील. बुरशी घाबरायलीय त्यांना."

"कैऱ्या आपल्याच झाडाच्या हायत," चतुराबाई म्हणाल्या. झाड दिनकररावांनीच लावलं होतं, म्हणून ते निर्दोष सुटलं.

मग रव्याच्या डब्यामागे बाटली सापडली. दिनकररावांनी चष्मा पुसून वाचलं, ॲसिटिक ॲसिड, चार टक्के.

"ॲसिड! संडास धुयाचं!"

त्यांनी चार थेंब शहाबादी फरशीवर टाकले. बारीक बुडबुडे आले.

"बघा! अशी फसफसायलीत आपली आतडी!"

चतुराबाईंनी बरणीवर झाकण घातलं. दोन महिने सगळे दोन्ही वेळा तेच लोणचं खात होते आणि धडधाकट होते, पण हा पुरावा तपासात धरला गेला नाही.

"फेका उकिरड्यावर सगळं," चतुराबाई म्हणाल्या. "दहा किलोचं लोणचं, जाऊ द्या. आधी बुरसायचं, आता इख झालं. माझ्या हाताचा गुणच गेला. पुन्हा बरणी भरायची न्हाई मी."

सविताने वही मिटली. उठून लिंबू चिरलं आणि त्याच फरशीवर पिळलं. बुडबुडे आले.

"मामा, आता लिंबालाबी धरा. चुनखडीचा दगड हाय हा, आंबट पडलं की फसफसतो. बाटलीत व्हिनेगर हाय, खायाचंच. निव्वळ ॲसिटिक ॲसिडानं तोंड भाजंल. हे शंभरात चार भाग, बाकी पाणी. बुरशीला तेवढंच सोसत न्हाई, माणसाला सोसतं. मीच घातलं, बेतानं."

"कबुली!" दिनकररावांचा चेहरा फुलला. "लिहून घे!"

"माझी मीच?"

"दुसरं कोण हाय लिहायला?"

सविताने लिहिली. खाली सहीही केली.

"आता उद्देश. का घातलंस?"

"दरसाल बुरसतं म्हणून."

"का बुरसतं?"

सविता लग्न होऊन आल्यापासून सहा वर्षं ह्या प्रश्नाशी आलं की घर गप्प व्हायचं. सासऱ्याला एक वाक्य बोलण्यापेक्षा परभणीला जाऊन बाटली आणणं सविताला सोपं गेलं होतं.

चतुराबाईंनी पदराने नाक पुसलं. "तिला काय इचारता? माझ्यातच खोट हाय."

"नमुना घेतल्याबिगर कळायचं न्हाई," म्हणत दिनकररावांनी नळाखाली हात खळखळून धुतले, आणि तसेच निथळत्या हाताने बरणीकडे निघाले.

सविताने झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"खोट मामींच्यात न्हाई, मामा. बरणीत ओला हात तुमी घालता."