टाकीला दिलेला नंबर

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय हे खाली बसल्या बसल्या कळावं, एवढीच माझी इच्छा होती. तयार यंत्र बाजारात मिळतं. पण मी ठरवलं, घरीच करायचं, स्वस्तात. (माझ्या बहुतेक संकटांची सुरुवात याच वाक्याने झालेली आहे.)

काड्यापेटीएवढा एक वायफायचा बोर्ड आणला, त्याला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर जोडला आणि सेलसकट प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकणाला चार स्क्रू मारले; चालू करायचं बटण तेवढं बाहेर ठेवलं, बंद करायचं आतच राहिलं. सासऱ्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि टाकीवर टिचकी मारली की आवाजावरून कळतं, असं सांगितलं. मी दुर्लक्ष केलं. संशोधकाला घरातून विरोध व्हायचाच.

वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, घराच्या नंबरासारखा. तो कसा लिहितात ते बघायला मी बायकोच्या लॅपटॉपचा नंबर जसाच्या तसा बोर्डात उतरवला होता. शेवटचा आकडा तेवढा बदलायचा होता. पण तिने दुधाकडे बघायला बोलावलं आणि ते राहिलंच. (दूधही उतू गेलं.)

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. सहा वर्षं घर सांभाळल्यानंतरची पहिली. आठवडाभर ती धड जेवली नव्हती. कोणीही आत यायचं नाही, असं बजावून तिने दार लोटून घेतलं. मला करमेना. मी गच्चीवर गेलो, डबा चालू करून टाकीत टांगला आणि खाली आलो. फोनवर उमटलं, 'टाकी अर्धी'. त्याच क्षणी आतून बायकोचा आवाज आला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

नेट मंद असेल, असं मी सासऱ्यांना म्हणालो. दोन मिनिटांनी पुन्हा 'टाकी अर्धी', पुन्हा "हॅलो?" तिसऱ्या खेपेला मला तो आकडा आठवला. एकाच नंबरची दोन घरं झाली होती. पोस्टमन बायकोची पत्रं टाकीत नेऊन टाकत होता.

दोन-दोन पायऱ्या गाळत मी वर धावलो. घाईत डबा हातातून सुटून पाण्यात पडला. तो काढताना कमरेपर्यंत भिजलो. आतला दिवा मात्र मजेत लुकलुकत होता. माझं एकच काम पक्कं झालं होतं, ते झाकणाचं. आणि स्क्रूड्रायव्हर होता बायकोच्या टेबलाच्या खणात.

मी रांगत आत शिरलो. खण करकरला. उठताना डोकं टेबलावर आपटलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या तिघांकडे पाहिलं आणि शांतपणे लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी त्यांना नमस्कार केला, स्क्रूड्रायव्हरसकट, आणि बाहेर पळालो.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सोमवारपासून बोलावलंय."

"पण मला का दाखवलंस?"

"त्यांनी विचारलं, अवघड माणसाबरोबर काम करायचा अनुभव आहे का. तुम्हाला पाहिल्यावर पुढचं काही विचारलंच नाही."