गॅस, बादली, कडी

"गॅस बंद आहे, बादली पालथी आहे, कडी लावलेली आहे," सासूबाई म्हणाल्या. "आता जा बाई. सगळे पुढे गेले असतील."

भिंगरीची आई बुटांच्या नाड्या बांधून दारात उभी होती, पण पाय उंबऱ्याच्या आतच होते. "गॅलरीची वरची कडी ना, आई? खालची तिच्या हाताला येते."

"वरची."

"आणि बादली..."

"पालथी. तिच्यावर मगही पालथा. आता मी पण त्यावर जाऊन बसू का?"

भिंगरी हे काही मुलीचं खरं नाव नव्हतं. ती रांगायला लागली त्या आठवड्यात ते आपोआप पडलं. त्याआधी ती ठेवलेल्या जागी सापडायची. आता पाठ वळली की ती टेबलाखाली, पुन्हा वळली की न्हाणीघराच्या दाराशी. तिच्या आईच्या जिवाला तेव्हापासून घोर लागला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला उलटंपालटं करून तपासलं आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं. "बाळ ठणठणीत आहे. तुम्हीच रोज थोडा वेळ घराबाहेर पडत जा."

म्हणून ती धावण्याच्या क्लबात गेली. चौकातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा आणि परत यायचं, एवढाच क्लब. तो चालवायचे शिट्टीमास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती. पावसाची चिन्हं, कुत्रं, ओळखीचा माणूस, काहीही दिसलं तरी ते शिट्टी फुंकायचे.

जाताना भिंगरीची आई सगळ्यांच्या मागे असायची. घराला कुणी तिच्या कमरेचा नाडा बांधून ठेवलाय, अशी ती ओढत ओढत जायची. टाकीशी वळलं की मात्र डोळ्यांसमोर न्हाणीघर उभं राहायचं. बादली पालथी होती, पण सासूबाईंनी मागाहून सरळ केली असली तर? कडी वरची म्हणाल्या, पण त्या बसलेल्या असताना त्यांना वरची म्हणजे कुठली वाटत असेल? आणि गॅस? दूध उतू गेलं, ज्योत विझली, बटण चालूच... तिथून पुढे पाय तिचे नसायचे. ती कुरिअरवाल्याला मागे टाकायची, आणि तो क्लबातला सगळ्यांत वेगवान गडी होता. ओठांवर सतत पुटपुट चालू असायची, "गॅस, बादली, कडी. गॅस, बादली, कडी."

ही भीती घरात बोलून दाखवायची सोय नव्हती. एकदा स्वयंपाकघरात उभी असताना तिने सासूबाईंना बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलं होतं. "आमची सून बघ. एवढंसं लेकरू माझ्या भरवशावर टाकून निर्धास्त जाते. या वयात कोण कुणावर इतका विश्वास टाकतं गं?" आवाज भरून आला होता. भिंगरीच्या आईच्या हातातलं भांडं तिथल्या तिथे थांबलं. त्या दिवसापासून तिने दारातली चौकशी कमी केली. उरलेली पोटात घेऊन ती टाकीपर्यंत जाऊ लागली.

आणि म्हणूनच क्लबाच्या वार्षिक सत्काराची यादी फोनवर आली तेव्हा तिने ती तीनदा वाचली. एकही सकाळ न चुकवल्याबद्दल दंतवैद्य. वेगाबद्दल कुरिअरवाला. आणि खाली, ठळक अक्षरांत: "निर्धास्त धावपटू: भिंगरीची आई."

दुसऱ्या दिवशी तिने शिट्टीमास्तरांना गाठलं. "मास्तर, माझं नाव काढा ना. मी कुठली निर्धास्त?"

"हा तुमचा विनय!" मास्तरांनी आनंदाने शिट्टी फुंकली. "वहिनी, जाताना सगळेच उधळतात आणि येताना जीभ बाहेर. तुम्ही जाताना राखून ठेवता आणि येताना सुटता. घरची काळजी डोक्यात असती तर जमलं असतं का हे? सत्काराला याचं रहस्य सांगायचं बरं का सगळ्यांना."

तिला काही सुचायच्या आत दंतवैद्य बाजूला येऊन धावू लागले. उंच, बारीक माणूस. एरवी मितभाषी, कारण समोरच्याच्या तोंडात हात असताना एकट्यानेच बोलायचं त्यांना बरं वाटत नसे.

"वहिनी, ते श्वासाचं तंत्र मी उचललंय तुमचं."

"कसलं तंत्र?"

"गॅसला श्वास आत, बादलीला बाहेर, कडीला पाऊल. काय ताल आहे हो! दात काढतानासुद्धा म्हणतो हल्ली. हात अजिबात थरथरत नाही."

"आणि पेशंट?"

"तो थरथरतो."

भिंगरीच्या आईला दरदरून घाम फुटला, आणि अजून त्यांनी चौकही ओलांडला नव्हता. "डॉक्टर, ते जुनं झालं. मी आता चंद्र, सूर्य, तारा म्हणते."

दंतवैद्यांनी प्रामाणिकपणे वळणापर्यंत चंद्र, सूर्य, तारा म्हणून पाहिलं. मग मान हलवली. "नाही. गॅसमध्ये जो जोर आहे तो चंद्रात नाही."

आठवड्याभरात अख्खा क्लब ते म्हणायला लागला. टाकीशी वळलं की मागून एकसुरात आवाज यायचा, "गॅस! बादली! कडी!" आणि त्या आवाजाला भिऊन ती आणखीच जोरात सुटायची. मास्तर आणखी खूश. नशीब एवढंच, की वाट घरावरून जात नव्हती. सासूबाईंच्या कानावर ते तीन शब्द गेले असते तर त्यांना कळायला क्षणभरही लागला नसता. रोज सकाळी दारात त्याच तर हे तीन शब्द सांगत होत्या. निर्धास्त सून रस्त्याने काय घोकत येते, हे त्यांना पस्तीस माणसांनी ओरडून सांगितलं असतं.

एका संध्याकाळी ती भाजी घेऊन घरी आली तर सासूबाई कपाट उघडून बसल्या होत्या. पलंगावर ठेवणीतले कपडे.

"मास्तरांचा फोन आला होता," त्या लाजत म्हणाल्या. "मलाही बोलावलंय. स्टेजवर. म्हणाले, सूनबाईंच्या निर्धास्तपणाचं अर्धं श्रेय आजींचं. मी म्हटलं, कशाला हो. पण फारच मागे लागले."

भिंगरीच्या आईने नवऱ्याला गॅलरीत ओढलं. "काहीही कर, पण आईंना तिथे येऊ देऊ नकोस. भिंगरीला कोण बघणार म्हणावं."

"मी आहे की."

"तू?"

"बाप आहे मी तिचा. काय तिला गॅलरीत वाळत घालणार आहे?"

"गॅलरीचं नाव काढू नकोस!"

"बरं, नाही काढत. पण आईने मावशीला फोन करून सांगितलंसुद्धा. आता तूच सांग तिला, येऊ नका म्हणून."

ती सांगायला गेली. सासूबाई आरशासमोर उभ्या राहून हार गळ्यात पडल्यावर मान कशी ठेवायची, याचा सराव करत होत्या. ती तशीच परत फिरली.

सत्काराच्या दिवशी कुरिअरवाला आपली गाडी घेऊन खाली हॉर्न वाजवत उभा राहिला. तिच्या डोक्यात एकच विचार होता, क्लबाने तोंड उघडलं की काय होणार. घाईघाईत दोघी जिना उतरल्या. भिंगरी बापाच्या खांद्यावरून हात हलवत होती. बाप म्हणत होता, "जा, जा, काही काळजी नाही." आयुष्यात पहिल्यांदा ती दारात न थांबता गेली.

शाळेच्या हॉलमध्ये फुलं होती, माइक होता आणि मास्तरांची शिट्टी होती. दंतवैद्य हार घालून घेताना लाजले. कुरिअरवाल्याला चषक देताना मास्तर म्हणाले, "हे एकच पार्सल याला दुसऱ्याच्या घरी पोचवावं लागणार नाही." सगळे हसले. भिंगरीची आई हसली नाही. ती एकेक खुर्ची पाहत होती आणि मनातल्या मनात विनवत होती, म्हणू नका, कृपा करून म्हणू नका.

"आणि आता," मास्तर म्हणाले, "आपली निर्धास्त धावपटू आणि तिच्या सासूबाई! यांना आपण यांच्याच मंत्राने मानवंदना देणार आहोत."

"मास्तर, नको..."

शिट्टी वाजली. पस्तीस माणसं उभी राहिली. खिडक्यांच्या काचा हादरल्या.

"गॅस! बादली! कडी! गॅस! बादली! कडी!"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्या गॅसला होतं. बादलीला ते थबकलं. कडीला त्यांनी सावकाश मान वळवून सुनेकडे पाहिलं. भिंगरीची आई जमिनीकडे बघत होती. फरशीचा एखादा तुकडा निघून खाली जायला वाट मिळते का, असं ती शोधत होती. हार तिच्या गळ्यात होता आणि तो आवळत चाललाय असं तिला वाटत होतं.

"हे तू रस्त्यात म्हणतेस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"हो."

"रोज?"

"टाकीपासून." तिचे डोळे भरले. "आई, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो. मीच अशी आहे."

सासूबाईंनी मास्तरांच्या हातातला माइक घेतला. त्यांनी घसा साफ केला.

"यात खिडकी राहिली," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही कळलं नाही.

"ही घराबाहेर पडली की मी पोरीला कडेवर घेते ती ही येईपर्यंत खाली ठेवत नाही. गॅस बंद करते, बादली बाहेर आणून ठेवते, कडीला वरून दोरी बांधते. आणि खिडकीत उभी राहून हिच्या वाटेकडे बघते. पण खिडकीचीही भीती वाटते, म्हणून चार पावलं मागे उभी राहते. हिला सांगितलं नाही. म्हटलं, बिचारी एवढी निर्धास्त जाते, कशाला तिच्या जिवाला घोर?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "तिकडे ही धावते आणि इकडे मी देवाचा धावा करते, की हिला लवकर आण रे बाबा."

हॉलमध्ये असा टाळ्यांचा कडकडाट झाला की दंतवैद्यांना रडू आलं. भिंगरीच्या आईने सासूबाईंचा हात धरला. तिने मोकळा श्वास घेतला आणि तो अर्ध्यावरच अडकला.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही निघताना त्याला सांगितलंत ना? गॅस, बादली, कडी?"

सासूबाईंच्या हातातला माइक खाली आला. "मला वाटलं तू सांगितलंस."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढचं कुणालाच नीट दिसलं नाही. स्टेजच्या पायऱ्यांवर हार पडले, दारात एक चप्पल राहिली आणि दोघी रस्त्यावर होत्या. पदर खोचलेल्या सासूबाई पुढे आणि क्लबाची निर्धास्त धावपटू मागे. "प्रात्यक्षिक!" मास्तर ओरडले, आणि अख्खा क्लब ताल धरून मागोमाग निघाला. गाडी हॉलच्या दाराशी उभी होती, हे कुरिअरवाल्यालासुद्धा घर आल्यावरच आठवलं.

जिना चढून त्यांनी दार ढकललं.

खोलीच्या बरोबर मध्यभागी, भिंतींपासून सारखंच अंतर ठेवून, भिंगरीचा बाप उभा होता. भिंगरी त्याच्या खांद्यावर गाढ झोपली होती. बादली दाराबाहेर होती. कडीला दोरी होती आणि दोरीला वर एक पट्टा.

"आलात?" तो ओठ न हलवता म्हणाला. त्याचा सदरा घामाने चिंब होता. "तुम्ही गेल्यापासून असाच उभा आहे. खाली ठेवायची हिंमतच होईना. कुणीतरी घ्या हिला. आणि तो गॅस जरा बघा, बंद केलाय, पण..."

खालून शिट्टी वाजली. मास्तर धापा टाकत ओरडत होते, "वहिनी! आजींचं नाव उद्यापासून क्लबात घालतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सासूबाई उभ्या होत्या. पायात सुनेचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.

"गॅस बंद आहे, बादली पालथी आहे, कडी लावलेली आहे," भिंगरीची आई म्हणाली.

"वरची ना?"

"वरची. आता जा, आई."

सासूबाई गेल्या. भिंगरीला कडेवर घेऊन ती खिडकीपासून चार पावलं मागे उभी राहिली. रस्त्याच्या टोकाशी सासूबाई सगळ्यांच्या मागे, रमतगमत चालल्या होत्या. दोनदा त्यांनी वळून घराकडे पाहिलं आणि मग वळणाआड गेल्या. रस्ता रिकामा झाला.

मग दुरून, टाकीच्या बाजूने, एकटाच, पातळ, म्हातारा आवाज जवळ येऊ लागला. भलत्याच वेगाने.