भुरकीचा घाट

एका जंगलात झाडं कमी आणि जाती फार होत्या.

खरं तर ते जंगल नव्हतंच, मुलांनो. उघडंबोडकं माळरान होतं. चार बोरी, दोन बाभळी आणि बाकी नुसतं कुसळ. पण माळरानावरच्या गोष्टीतून कुणी बोध घेतल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आपण त्याला जंगलच म्हणू.

त्या जंगलात एकच पाणवठा होता. पावसाळ्यात ओढे वाहत, तेव्हा कोण कुठे पितं याची कुणी चौकशी करत नसे. वैशाखात ओढे आटले की पाणवठा तेवढा उरे आणि मग प्रत्येकाला आपापले पूर्वज आठवत. हरणांचा घाट वेगळा, कोल्ह्यांचा वेगळा, लांडग्यांचा वेगळा. धनगरांच्या वाड्यावरची कुत्री यायची, त्यांचाही वेगळा. पाणी खालून सगळं एकच होतं. पण खाली बघायची तिथे पद्धत नव्हती.

मधल्या खडकावर घोरपड बसायची. घाटावर कुणी नवं आलं की ती विचारायची, "कोणाची?" त्या घाटावरच्या एखाद्याने "आमची" अशी साक्ष दिली की प्यायला मोकळीक. साक्षीवाचून कुणी तोंड घातलं तर घोरपड शेपटीचा असा फटका देते की कंबरडं मोडतं, असं सगळे सांगत. कंबरडं मोडलेला प्राणी मात्र कुणी स्वतः पाहिलेला नव्हता. तो नेहमी कुणाच्या तरी मावशीने पाहिलेला असे.

आता भुरकीबद्दल. भुरकीची आई लांडगीण आणि बाप धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा, चित्र्या. हे कसं जमलं ते विचारू नका, तुम्ही लहान आहात. मोठ्यांनी तर अजिबात विचारू नये. तुमच्याच घरात नीट चौकशी केलीत तर पंचाईत होईल.

लहानपणी भुरकी आईच्या पायांत घोटाळत घाटावर जायची आणि प्यायची. पिल्लाला कोण विचारतो? सगळी पिल्लं सारखीच भुरी असतात. संध्याकाळी ओढ्याच्या पलीकडे चित्र्या येऊन बसायचा. मग ती त्याच्याकडे जाऊन भुंकायला शिकायची. रात्री आईकडे येऊन मान वर करून लांडग्यासारखं लांब सुरात आळवायला शिकायची. आपल्याला दोन विद्या येतात, एवढंच तिला वाटे. आपण दोन निम्मे आहोत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे ती वाढली. एक कान ताठ राहिला, दुसरा पडला. शेपटी लांडग्यासारखी झुपकेदार आली, पण आनंद झाला की कुत्र्यासारखी गोल वळायची. आणि त्या वैशाखात घोरपडीने तिला घाटावर अडवलं.

"कोणाची?"

"आईबाबांची," भुरकी म्हणाली.

"ते सगळेच असतात. तू नक्की कोण?"

भुरकीने खूप विचार केला. प्रश्न इतका गंभीरपणे विचारला होता, म्हणजे त्याला उत्तर असणारच, असं तिला वाटलं. मुलांनो, तिथेच ती फसली.

तिची साक्ष द्यायला लांडगेमामा पुढे आला. हा तिच्या आईचा थोरला भाऊ. तो म्हणाला, आमची आहे, पण तिने शेपटी खाली ठेवावी, भुंकू नये आणि पलीकडच्यांशी संबंध ठेवू नये. भुरकीने सगळं कबूल केलं. नुसतं कबूल केलं नाही, अंगावर घेतलं. बाकीचे लांडगे रात्री आळवत, ती भरदुपारीही आळवू लागली. बाकीचे वाऱ्याची दिशा बघून चालत, ही वारा नसला तरी थांबून नाक वर करी. पडका कान ताठ राहावा म्हणून ती त्याच कुशीवर झोपे. जातिवंत लांडग्यांना तिच्यासमोर आपण जरा भेसळच आहोत की काय, असं वाटू लागलं.

एके दिवशी शेजारच्या घाटावर चित्र्या आला. लेक दिसताच त्याची शेपटी हलली.

"कोण आहे गं तो?" मामाने विचारलं.

"कुणास ठाऊक," भुरकी म्हणाली.

चित्र्याची शेपटी थांबली. तो पाणी न पिताच मागे फिरला. भुरकी मान खाली घालून पाणी प्यायली. त्या रात्री ती इतकी लांब आळवली की मामा म्हणाला, शाबास, आता पक्की झालीस. भुरकीला वाटलं, पक्कं होणं म्हणजे हेच असावं. आतून काहीतरी तुटतं आणि बाहेरून शाबासकी मिळते.

पण आठवडाभरात एका सशाने कुसळातून अचानक उडी मारली आणि ती दचकून भुंकली. एकदाच, तेही अर्धवट. लांडग्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा म्हणाला, आम्हाला आधीच शंका होती. घाट बंद झाला.

मग ती कुत्र्यांकडे गेली. तिथे आत्या होती. चित्र्याची बहीण, जिभेने तिखट. आत्याने तिला दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "ये बाई. रक्त आमचंच आहे. फक्त मेंढरांकडे असं बघत जाऊ नकोस, त्यांची लोकर गळते."

चित्र्या कोपऱ्यात बसला होता. त्याने नुसती बसायला जागा करून दिली.

भुरकीने आता कुत्रेपणा अंगावर घेतला. ती धनगरापुढे शेपटी हलवी, त्याच्या काठीपुढे हलवी, काठी टेकवलेल्या बाभळीपुढेही हलवी. आत्या म्हणाली, अगं पुरे, आम्हाला लाज वाटायला लागली. रोज तिन्हीसांजेला सगळी कुत्री टेकडीकडे तोंड करून लांडग्यांना शिव्या देत. ती वाड्यावरची आरतीच होती म्हणा ना. भुरकी सर्वांत पुढे उभी राहून भुंके. एका संध्याकाळी टेकडीवरून उत्तर आलं. ती तिची आई होती. शिवी नव्हती ती. कुठे आहेस, एवढंच विचारत होती. आणि भुरकीची मान आपोआप वर गेली. भर आरतीत तिने आळवून उत्तर दिलं.

तो घाटही बंद झाला.

आता भुरकी पहाटे कुसळांवरचं दहिवर चाटू लागली. गुरांच्या खुरांच्या खळग्यांत चिखल उरला होता, तो चोखू लागली. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येई. पाणवठा समोर चमकत असे, पण बंद झालेल्या घाटावर आईबापांचीही साक्ष चालत नसे.

आणि इथे गोष्टीत टिटवी येते. टिटवी ही त्या जंगलातली जुनी बातमीदार. अन्याय दिसला की ती ओरडे. दिसला नाही तर शोधून ओरडे. रात्री पाय वर करून झोपे, कारण आपण पाय खाली घेतले तर आभाळ कोसळेल, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. आभाळाने याबद्दल कधी काही म्हटलं नाही, हाच तिला पुरावा वाटे. हसू नका मुलांनो. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकाची झोप तशीच असते. गोष्ट सांगणाऱ्याचीही.

टिटवीने भुरकीला गाठलं आणि विचारलं, "तुला जास्त करून काय वाटतं? लांडगा की कुत्रा?"

"जास्त करून तहान वाटते," भुरकी म्हणाली.

"ते शेवटच्या ओळीत घेऊ. आधी तुझ्या ओळखीबद्दल बोल."

टिटवीने सारं माळरान डोक्यावर घेतलं. तिचा राग खरा होता, हे मान्य करायला हवं. पाणी आणून देणं तिला शक्य होतं. चोचीतून थोडं थोडं आणता आलं असतं. पण त्याची बातमी झाली नसती. ती गरजली की भुरकीला न्याय हवा, स्वतंत्र जात हवी, स्वतंत्र घाट हवा. सगळ्या जातींची सभा भरली. भुरकी नेमकी कितपत काय आहे, यावर दिवसभर चर्चा झाली. एकाने कान मोजले, दुसऱ्याने शेपटीचा वळसा मोजला. भुरकीला सभेत बोलायला सांगितलं नाही, कारण ती चर्चेचा विषय होती.

शेवटी ठराव झाला. भुरका ही नवी जात जाहीर करण्यात आली आणि पाणवठ्याच्या वरच्या टोकाला, जिथे कुणीच पाय घातला नव्हता आणि पाणी नितळ होतं, तिथे तिला घाट मिळाला. टिटवी आनंदाने तीनदा घिरट्या घालून आली.

भुरकी पाय ओढत नव्या घाटावर पोहोचली. तिने मान खाली केली.

"साक्ष?" घोरपड म्हणाली.

"माझी जात नवी आहे. मी एकटीच आहे."

"मग दुसरा भुरका आण. स्वतःची साक्ष स्वतःला चालत नाही."

भुरकी तिथेच बसली. आपण किती मेहनतीने इथपर्यंत आलो, हे तिला आठवलं. आपण लांडगा झालो, कुत्रा झालो, ठराव झालो. एवढ्या मेहनतीत एखादी विहीर खणून झाली असती.

तेव्हा एका बाजूने तिची आई आली आणि दुसऱ्या बाजूने चित्र्या. बातमी दोघांनीही ऐकली होती.

"आमची आहे," आई म्हणाली.

"तुम्ही भुरके आहात का?" घोरपडीने विचारलं.

आई गोंधळली. चित्र्या मात्र लगेच म्हणाला, "हो. जन्माचा भुरका आहे मी."

भुरकीने खाली पाहिलं. ज्याची ओळख तिने नाकारली होती, त्याने आपली जात तिच्यासाठी एका दमात टाकली होती. "बाबा," ती म्हणाली. चित्र्याने तिचा पडका कान चाटला.

घोरपड म्हणाली, प्रश्न धोरणाचा आहे, उद्या सभेपुढे ठेवू. पण उजाडेपर्यंत टिटवीने बातमी सगळीकडे पोहोचवली होती. भुरका होता येतं. नुसतं म्हणावं लागतं. आणि पाणी तिथे नितळ आहे.

सकाळी नव्या घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या सांगत होती, आमची पणजी टेकडीकडे बघून फार उसासे टाकायची. हरणांनाही कुणी तरी आठवलं होतं. सर्वांत पुढे लांडगेमामा होता. त्याच्या आजीचा एक कान म्हणे थोडा पडकाच होता. हे तो इतक्या अभिमानाने सांगत होता, की लोकांनी त्याला भुरका समाजाचा अध्यक्षच करून टाकलं.

भुरकी वाट काढत पुढे आली, तेव्हा मामाने तिला अडवलं. त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे भुरके," तो म्हणाला. "हिच्यात अजून आई वेगळी दिसते, बाप वेगळा दिसतो. ही मुरलेली नाही. हिला शुद्ध भुरकी कसं म्हणायचं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. घोरपडीने विचारलं, "काय गं, नक्की कोण तू?"

भुरकी हसू लागली. आधी मामाला हसली, मग स्वतःला, आणि स्वतःलाच जास्त वेळ हसली. हसताना एकदा भुंकल्यासारखा आवाज आला, एकदा आळवल्यासारखा, आणि तिने दोन्ही येऊ दिले. मग ती पाण्यात उतरली. पोटापर्यंत उतरली आणि प्यायली.

सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. शेपटीचा फटका काही ऐकू आला नाही. डोळे उघडून पाहतात तर घोरपड खडकावर तशीच. फटका मारायचा तर खडक सोडावा लागला असता, आणि इतकी वर्षं धरलेली जागा सोडायची तिची तयारी नव्हती.

भुरकी पोटभर प्यायली आणि अंग झाडून आईबापांमध्ये चालत निघून गेली. मागे घाटावर शुद्ध भुरका कोणाला म्हणावं यावर समिती नेमण्यात आली. पाणी कुणीच प्यायलं नाही.

टिटवीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने त्याच दुपारी बातमी दिली: पाणवठ्यावर अज्ञात जनावराचा शिरकाव. ओळख पटवण्याचं काम चालू.

तात्पर्य: मुलांनो, तहान लागली तर आधी आपण नक्की कोण, ते सर्वांना विचारून घ्यावं. सर्वांचं एकमत झालं की मगच पाणी प्यावं. गोष्टीतल्या पोरीला एवढा धीर नव्हता, म्हणून ती बिचारी जगली.