दहा आकडी पाहुणा

अकरा वाजता स्मिताला तो आकडा दिसला आणि साडेअकराला तिने धोक्याची सूचना पाठवली. मधल्या अर्ध्या तासात तिने कुणा जाणत्याला विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जिचा सिंगापुरात नोकरी करण्याचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पास, एकवीस दिवसांनी संपणार असतो आणि नूतनीकरणाचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीविना पडलेलं असतं, ती बाई विचारत बसत नाही. नियम वाचते.

क्वीन्सटाउनमधली तिची कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बनवायची आणि स्मिता ते तपासायची. एरवी प्रोग्राम चालवून बघितला की झालं. या वेळी चोआ चू कांगच्या एका कॉन्डोने, म्हणजे निवासी संकुलाने, अट घातली होती, की कंपायलर नावाच्या भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने मशीनच्या भाषेत उतरवलेली फाइलही ओळीओळीने तपासा. कॉन्डोत लिफ्ट तीन. लोकांनी दाबलेल्या बटणांना क्रमांक द्यायचे, त्यांना तीनने भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून कोणती लिफ्ट पाठवायची ते ठरवायचं, एवढाच मामला.

मशीनच्या भाषेत मात्र भागाकार कुठेच नव्हता. त्याच्या जागी गुणाकार होता, आणि तोही २८६३३११५३१ने.

"क्षितिज, हा आकडा तुझा?" तिने शेजारी विचारलं. प्रोग्राम क्षितिजने लिहिला होता.

"कसला आकडा? मी भागिले तीन लिहिलंय, ताई. एवढे आकडे मी फक्त लोकसंख्येत बघितलेत."

"दहा आकडी आहे."

"मग फोन असेल. आपल्याकडचा."

सिंगापुरातले फोन आठ आकडी. क्षितिजने पुढे भारताचा कोड लावून नंबर फिरवला. एका बाईने गोड आवाजात हिंदीत सांगितलं, की हा नंबर अस्तित्वातच नाही.

"बघा!" क्षितिज कुजबुजला. "बंद करून पळाला."

संशयास्पद काही आढळल्यास तासाभरात कळवावे, असा नियम होता. स्मिताने अर्ध्या तासातच कळवलं.

सूचनेने आपलं काम चोख बजावलं. ऑफिसचं नेटवर्क बंद झालं. सगळ्यांचे लॅपटॉप गोळा होऊन मीटिंग रूममध्ये त्यांची चळत लागली. आणि नवा प्रोग्राम सोमवारपासून चाचणीसाठी चालू होता त्या कॉन्डोतल्या तिन्ही लिफ्ट एकदम थांबल्या. आत कुणी अडकलं नाही, एवढंच नशीब.

त्याच कॉन्डोत बाराव्या मजल्यावर स्मिताची मैत्रीण मैत्रेयी राहायची. तिचे मेसेज सुरू झाले.

"अगं, आमच्या लिफ्ट बंद. तुमच्याच ना त्या?"

"ग्रुपवर म्हणतायत हॅकर शिरलाय."

"आता म्हणतायत अजगर शिरलाय. मी दहा किलो तांदूळ घेऊन खाली उभीये. काहीतरी बोल!"

अजगर परवडला, स्मिताच्या मनात आलं. त्याला पोत्यात घालून नेता तरी येतं.

जेवायला ती क्षितिजबरोबर खाली हॉकर सेंटरला गेली, पण तिने नुसता चहाच घेतला. पास गेला तर मुलीची शाळा, घराचा करार, सगळं तीस दिवसांत गुंडाळायचं.

"ताई, पोलीस आले तर मी काय सांगू? तीनने भागलं म्हणून?" क्षितिजने विचारलं. त्याने मात्र दोन प्लेट नूडल्स संपवल्या होत्या.

हाताला चाळा हवा म्हणून स्मिताने टिश्यूवर तो आकडा लिहिला आणि त्याला तीनने गुणलं. ८५८९९३४५९३. तिचं पेन थबकलं. लोकांचे पाढे पाठ असतात तशी तिची दोनाच्या घातांची यादी पाठ होती. दोनाचा तेहतिसावा घात, अधिक एक.

"क्षितिज," ती हळूच म्हणाली, "पाचाने तोंडी भागायचं तर काय करतोस?"

"दुप्पट करायची, शेवटचा आकडा पुसायचा."

"का?"

"भागाकार कोण करत बसणार?"

"कंपायलर तेच करतो. मशीनला भागाकार जड जातो, म्हणून या आकड्याने गुणायचं आणि शेवटचे तेहतीस बिट, म्हणजे मशीनचे आकडे, पुसायचे. उत्तर बरोब्बर तिसरा हिस्सा."

"म्हणजे कुणी शिरलंच नाही? वा!"

"वा काय? गणित बरोबर होतं म्हणून मी तीन लिफ्ट बंद पाडल्यात!"

तरी खात्री हवीच. पँट्रीतल्या जुन्या कंप्युटरकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्यावर त्यांनी तिनाच्या जागी पाच घातले. कंपायलरने मुकाट्याने दुसरा आकडा काढून दिला, ३४३५९७३८३७. शंकाच उरली नाही. स्मिता साहेबांच्या केबिनकडे निघाली.

प्रताप साहेब नुकतेच कॉन्डोच्या लोकांशी बोलून उठले होते आणि चक्क हसत होते.

"ये, बस. दोन तास डोकं खाल्लं त्यांनी. कोणाचा आकडा, कोणाचा आकडा! आता 'माहीत नाही' कसं म्हणणार? म्हटलं, आमचाच. गुप्त पद्धत आहे. आणि त्याची राखण करायला एक बाई ठेवलीये."

"सर, तो आकडा आपला नाही," स्मिताने एका दमात सांगून टाकलं. "कंपायलरचा आहे. जगात कुठेही तीनने भागलं तरी बहुतेक हाच येतो. चूक माझी. मी घाईने कळवलं."

साहेबांचं हसू मावळलं.

"जगात कुठेही?"

"हो सर."

"मग पंचाईत आहे. गुप्त आकडा दर तीन महिन्यांनी बदलायचा, अशी अट मी मान्य करून बसलोय. लिफ्टही त्याच बोलीवर सुरू झाल्यात. बदलता येईल ना?"

स्मिताला खोटं बोलता येत नसे; तो तिचा जुना दोष होता.

"येईल सर. पण त्यासाठी तीनने भागणं सोडून पाचाने भागावं लागेल. म्हणजे इमारतीत आणखी दोन लिफ्ट बसवाव्या लागतील."

स्मिता मनातल्या मनात सामान बांधू लागली. कपाटं आधी, भांडी नंतर.

मग साहेबांनी तिचं पत्र पुढे ओढलं, झरझर सही केली आणि कॅल्क्युलेटर तिच्यासमोर सरकवला.

"पाचचा आहे ना तुझ्याकडे? मग सात लिफ्टचा आकडा किती येतो, तेही काढून ठेव."