एन. के. भुयार यांचे सत्तेचाळीस पेपर

"भुयार आडनावाचा दुसरा शास्त्रज्ञ दुनियेत निघाला, तर मी नाव बदलून घेतो!" शनिवारी दुपारी नितेश भुयारनं बायकोला, प्रतीक्षाला, ठणकावून सांगितलं.

नितेश अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायचा. संत्र्याच्या डिंक्या रोगावर त्याचे मोजून तीन पेपर छापून आले होते. सोमवारी अकोल्याला मोठ्या जागेसाठी मुलाखत होती. आजकाल मुलाखत घेणारे आधी इंटरनेटवर माणूस पाहतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तो संशोधकांच्या एका साइटवर आपलं प्रोफाइल बनवत बसला होता. नाव टाकलं, एन. के. भुयार. लगेच साइटनं आणखी चव्वेचाळीस पेपर समोर ठेवून विचारलं, 'हे तुमचेच का?'

"अवो, वाचून तरी पाहा!" प्रतीक्षा मागून म्हणाली. "हा तर १९६४ चा आहे. तवा तुमचे बाबा शाळेत जात होते!"

"तारीख कोन पाहून राह्यलं?" म्हणत नितेशनं 'सर्व माझेच' दाबलं. तिनाचे सत्तेचाळीस झाले! छाती दोन इंच फुगली.

रविवारी सकाळी त्यानं पाहिलं, तर प्रोफाइलवर त्याचा टायवाला फोटो नव्हता. तिथं एक काळापांढरा माणूस होता. जाड चष्मा, बसके गाल, आणि नजर थेट नितेशकडे. त्यानं तो काढून आपला लावला. चहा पिऊन येतो तर काळापांढरा माणूस परत हजर!

मग सूचना सुरू झाल्या. 'अकोल्यातून कुणीतरी तुमचा १९६४ चा पेपर वाचला.' दहा मिनिटांनी १९६५ चा. मग १९६७ चा. कुणीतरी ओळीनं, न थांबता, त्याच्यामागं एकेक वर्ष चालत येत होतं. संध्याकाळी १९८६ चा शेवटचा पेपर झाला आणि फोन गप्प झाला. पाच मिनिटं घरात नुसता पंखाच वाजत होता.

मग निरोप आला. 'आले, बरं झालं. कपाट तसंच ठेवलं आहे. घरी या. जमुना भुयार, जठारपेठ, अकोला.'

नितेशनं घाईघाईनं पेपर काढायला घेतले. साइट म्हणाली, 'आपण एन. के. भुयार नसल्याचा पुरावा जोडा. सात दिवसांत कळवू.'

"आता कसं वो?" प्रतीक्षा म्हणाली.

"जाऊन पाय धरतो, अजून काय!" त्यानं जमुनाबाईंना कळवलं, 'सोमवारी दहाला येतो.'

बस रखडली. जठारपेठेतल्या त्या घरी पोचायला अकरा वाजले. दार उघडंच होतं. आत पाठमोरी बसलेली म्हातारी मान न वळवता म्हणाली, "आले? लई उशीर केला."

समोर भिंतीवर तोच चष्मा, तीच नजर. फोटोला चंदनाचा हार! टेबलावर दोन कप चहा भरून ठेवलेला. म्हातारी उठली आणि तिनं त्याच्यामागं दार लावून घेतलं.

"दार कावून लावलं?" नितेशचा आवाज मांजरासारखा निघाला.

"त्या खुर्चीवर बसा. चाळीस वर्षं तिच्यावर कोनी बसलं नाही."

तिनं कपाट उघडलं. बाटल्याच बाटल्या! प्रत्येकीत कपाशीचं वाळकं बोंड, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव, एन. के. भुयार. नितेशनं एक बाटली उचलली. अक्षर त्याच्या स्वतःच्या सहीसारखं दिसलं.

"आजी, मी तो नाही!" तो ओरडलाच. "मी नितेश! मी नुसतं बटन दाबलं वो!"

म्हातारीनं त्याच्या हातातली बाटली घेऊन परत कपाटात ठेवली.

"मले मोतीबिंदू आहे बापा, येड नाही लागलं. त्याईले अग्नी देला तवा मी तिथंच होती."

"मंग दार?"

"कूलर लागला आहे ना! चहा घ्या. साखर नाही, मले शुगर आहे."

नितेश मटकन खुर्चीत बसला. जमुनाबाई सांगू लागल्या. नातीनं, वर्षालीनं, फोनवर आजोबांचं, म्हणजे नामदेवरावांचं, नाव शोधून पाहिलं, तर सगळे पेपर एका जागी सापडले. तिथला टायवाला फोटो चुकीचा आहे असं साइटला कळवून आजोबांचा फोटोही तिनंच पाठवला होता. काल दिवसभर तिनं ते एकेक करून वाचून दाखवले.

"त्याईनं आयुष्यभर काय केलं, ते मले काल समजलं," त्या म्हणाल्या. "ज्यानं गोळा केले तो मानूस पाहाव म्हटलं. ते पेपर काढू नोका."

नितेशनं चहा संपवला. त्यानं शब्द दिला. नामदेवरावांच्या नावाचं वेगळं प्रोफाइल, त्यांच्याच फोटोसकट, तो स्वतः करून देणार होता. बाटल्यांचीही नीट यादी करणार होता.

तिथून तो मुलाखतीला पोचला तो घामानं भिजून. समितीचे अध्यक्ष वामनराव काही विचारायच्या आतच त्यानं उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. पेपर चव्वेचाळीस दुसऱ्याचे, आपले फक्त तीन, लोभ सुटला, चूक झाली, माफी असावी!

वामनरावांनी डाव्या-उजव्या बाजूच्या सदस्यांकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"बसा भुयार. आमी तुमचं प्रोफाइल पाहिलंच नाही. सकाळपासून इथलं नेट बंद आहे." त्यांनी पेन उघडलं. "पन आता तुमीच सांगून राह्यले, तर लिहून घेतो. किती म्हनले, तीन?"