बारावी बाटली

सावंतकाकांच्या खिडकीत कॉफीच्या बारा रिकाम्या बाटल्या आहेत. अकरांमध्ये मेथी, बारावीत नुसती माती. मेथी बोटभर झाली की काका ती उपटतात, मुळं चष्म्याजवळ धरून बघतात आणि कचऱ्यात टाकतात. कोणी जुडी मागितलीच तर म्हणतात, "ही खावची नाय. ही साक्षीदार आसा."

आमची वसाहत मुलुंडच्या एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याला चिकटून आहे. काका तिथे मुकादम होते, माझे वडील कामगार. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायला नेमलेली बाई. कारखान्याच्या जमिनीत इतकी रसायनं मुरली आहेत की तिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं. सरकारची योजना अशी, की जो बिल्डर अशी जमीन साफ करील त्याला करात सूट. साफ झाल्याचा दाखला मिळाला की सूट, सूट मिळाली की टॉवर, आणि टॉवरमध्ये आम्हा जुन्या कामगारांच्या कुटुंबांना आत संडास असलेलं घर. त्या संडासासाठी मी चार वर्षं फाइल घेऊन फिरतेय.

साफसफाई झाली म्हणे. मग बिल्डरची माणसं मातीचे नमुने घ्यायला आली. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध: जिथे सावली, तिथे खणायचं. काका छत्री घेऊन मागे फिरले आणि ती माणसं जिथे खणत नव्हती तिथली माती बाटल्यांत भरून घेऊन आले. महिन्याभरात दाखला आला, जमीन स्वच्छ. मी पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, दाखला दोनदा वाचला आणि म्हणाले, "कागदार सगळा साफच असता गो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या पोराचं प्रगतिपुस्तक असो की लग्नाचा बायोडेटा, काकांचा शेरा तोच.

सूट मंजूर होण्याआधी हरकती ऐकायला सभा लागली. आदल्या संध्याकाळी मी काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, उद्या गप्प बसा. तुम्ही बोललात की पुन्हा तपासणी. घरं गेली दोन वर्षं पुढे."

"माका ठावक आसा."

"तुम्हाला नको का घर?"

"होया. पण कारखान्याच्या त्या मागच्या कोपऱ्यात टॉवरवाले पोरांची बाग करतले."

"अकरा बाटल्यांत मेथी आलीय ना?"

"बारावी त्या कोपऱ्याची."

"बी खराब असेल."

"तीनदा पेरलंय." काका खिडकीकडे बघत राहिले. "थय रसायनांची पिंपां मीच पुरलंय. सायबान सांगल्यान, मी पुरलंय. वरसून माती सारखी केलंय. मगे तुझ्या काकीन थयच लाल माठ लावल्यान."

काकांनी बारावी बाटलीतली माती बोटाने सारखी केली.

"नोकरी जाईत म्हणान तिका सांगूक नाय. ती खायत रवली. मी आपलो सांगय, माका पालेभाजी आवडणा नाय."

काकींना जाऊन नऊ वर्षं झाली. पोटाचं दुखणं, असं कागदावर लिहिलं होतं. त्यांच्या माठाची पहिली जुडी आमच्याकडे यायची. आई लसणाची फोडणी द्यायची, आणि मी दोनदा वाढून घ्यायची.

सभेत काका उठले तेव्हा लोक ओरडले, "ए म्हाताऱ्या, बस खाली." हरकती ऐकायला आलेल्या सरकारी साहेबांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. मी उठले आणि माईक काकांच्या हातात दिला.

सूट अडकली. कोपरा खणला, पिंपं निघाली. घरं लांबली. वसाहतीतल्या तिघीजणी अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे माझा बराच वेळ वाचतो.

काका गावी गेले की त्यांच्या खोलीची चावी माझ्याकडे असते. परवा जाताना बजावून गेले, "अकरांक एक दिस सोडून पाणी. बारावीक रोज. आणि उगवला नाय तर ह्या पेर." हातात कागदाची पुडी दिली.

घरी येऊन उघडली. बी मेथीचं नव्हतं, माठाचं होतं.