कणगीशेजारची शाखा

पुस्तकाची उंची सेंटीमीटरमध्ये नोंदवतात. जाडीसाठी रकाना नसतो. त्यामुळे शर्मिलाच्या टेबलावरचं पुरात भिजून वाळलेलं पुस्तक कागदोपत्री अगदी धडधाकट होतं. तिनं पट्टी लावून पाहिली. उंची बावीस, पहिल्यासारखीच. जाडी मात्र फुगून गाठोड्यासारखी झालेली. संगणकावर तेच पुस्तक नागपूरच्या एका वाचनालयानं नोंदवलं होतं, तिथंही बावीस. म्हणजे तिकडे कुठेतरी ते कोरडं, सडपातळ उभं होतं. शर्मिलाला उगीचच बरं वाटलं.

महाडमधल्या त्या छोट्या वाचनालयाची ती ग्रंथपाल. रसायनशास्त्राची पदवीधर, जे दिसलं तेच लिहायचं, ही प्रयोगवहीची सवय अजून मोडली नव्हती. यंदा तिच्या आग्रहानं वाचनालय संयुक्त सूचीत सामील झालं होतं. संयुक्त सूची म्हणजे राज्यभरच्या ग्रंथालयांचं इंटरनेटवरचं सामाईक कपाट. एकानं पुस्तकाची नोंद केली की दुसऱ्यानं ती पुन्हा टंकायची नाही. शोधायची, आपलंच पुस्तक आहे ना हे ताडून पाहायचं आणि खाली आपली प्रत जोडायची. फक्त एक रकाना ज्याचा त्यानं भरायचा. पुस्तक कुठे ठेवलं आहे?

तिथंच घोडं पेंड खात होतं. टेबलावरचं ते एक सोडलं तर पुस्तकं वाचनालयात नव्हतीच.

मोठ्या पुरात खालच्या फळ्यांवरचं सगळं गेलं, वरच्या फळ्यांवरचं तेवढं वाचलं. गावभर चिखल, कोरडी जागा हातभर नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीतला नाथू तेव्हा आपल्या टेम्पोतून मदत घेऊन उतरला होता. रिकामा टेम्पो परत जाणार, तर पुस्तकं घेऊन जा, आठ दिवस ठेव, असं ठरलं. वाडीतल्या घराघरांत ती ठेवली गेली. त्या आठ दिवसांना आता काही वर्षं झाली होती.

वाचनालयाचे अध्यक्ष दत्ताराम सर हे निवृत्त मुख्याध्यापक. शर्मिलाही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. प्रत्येक सभेत ती विचारी, "सर, पुस्तकं खाली आणायची का?"

"पावसाळ्यात? अगं, नदी दारात आलेली असते."

दिवाळीनंतर विचारलं तर म्हणत, "आता आणू, पण जूनला परत वर न्यायची का? बघू पुढच्या सभेला."

उघड कुणी बोलत नसे, पण पुराच्या सकाळी 'खालची पुस्तकं वर चढवू या का' या प्रश्नालाही सरांनी 'संध्याकाळपर्यंत बघू' असंच उत्तर दिलं होतं. नदी संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती. हे शर्मिलाला ठाऊक असल्यामुळे ती फार रेटत नसे. पण रिकाम्या मांडण्यांसमोर बसून आल्यागेल्याला 'पुस्तक आहे, पण नाही' असं सांगण्याचा तिला वीट आला होता. संयुक्त सूचीत नाव आलं, तेव्हा कुठे तिला पुन्हा ग्रंथपाल झाल्यासारखं वाटू लागलं होतं.

जागेचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देईना. 'मुख्य कपाट' लिहिणं म्हणजे धडधडीत खोटं. मग वाडीत एकेकाला फोन करून, पुस्तकं कुठे ठेवलीत तेवढं विचारून तिनं वाडीच्या पत्त्यासकट खरं तेच लिहिलं. 'बयाबाई यांचे घर, कणगीशेजारी.' 'नाथू यांचा माळा, पेंढ्याच्या डावीकडे.' 'आनंदीबाई यांचे घर, देव्हाऱ्याखाली.'

एक गोष्ट तिला माहीत नव्हती. त्या रकान्यात नवं काही लिहिलं की संयुक्त सूची आपली आपण त्या नावाची शाखा उघडत असे.

भाद्रपदात एके दुपारी फोन आला.

"संयुक्त सूचीच्या कार्यालयातून सुप्रिया बोलतेय. आधी अभिनंदन! इतक्या शाखा तुमच्या जिल्ह्यात कुणाच्याच नाहीत."

"शाखा?"

"बयाबाई शाखा, नाथू शाखा. देणगीदारांची नावं दिलीत ना? छान वाटतं. पण भाताच्या जुन्या जातींवरचं एक पुस्तक आहे, त्याची दुसरी प्रत सूचीत कुठेच नाही. बयाबाई शाखेकडे मागणी पाठवलीय, पण शाखा उत्तरच देत नाही."

"त्या शाखेत इंटरनेट नाही," शर्मिला म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

"मग मीच येते उद्या. पण पुस्तक मिळालं नाही ना, तर नियमाप्रमाणे तुमचं नाव सूचीतून काढावं लागेल हं."

दत्ताराम सरांनी डोक्याला हात लावला. "सभेचा ठराव नाही आणि शाखा? शर्मिला, तू लिहिलंस तरी काय?"

"जे आहे ते, सर."

"जे आहे ते लिहितं का कुणी!" सर येरझाऱ्या घालू लागले. "सकाळीच वर जाऊ, पुस्तकं घेऊन येऊ. बाई यायच्या आत मांडण्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत."

"म्हणजे निर्णय झाला?"

"निर्णय कसला? तात्पुरती सोय. संध्याकाळी पुन्हा वर."

सकाळी नाथूनं त्या दोघांना टेम्पोतून वर आणलं. त्याची वहिनी बयाबाई दारातच तांदूळ पाखडत बसली होती.

"न्या की. तुमचीच हायत," ती म्हणाली. "पन सगळी नाय गावायची."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"नाथूभावजीच्या माळ्यावरची शेजारच्या नीलाकडं गेलीत. नीलाकडली आनंदीबाईच्या सुनेकडं. ती त दोन पुस्तकं घेऊन पाचाडला गेली, माहेरी."

"पाचाडला! कुणाला विचारून?"

"विचारायचं कुनाला? इथं पडून काय करनार व्हती ती? उंदरांना कुठं वाचता येतंय?"

नाथू तोंड फिरवून हसला.

"आणि हरवली तर?" सर म्हणाले.

बयाबाईनं सुपानंच भिंतीतल्या कोनाड्याकडे दाखवलं. तिथे एक विळा, पितळेचा पेला, घडीची छत्री आणि कुणाचं तरी लग्नातलं घड्याळ ओळीनं मांडलेलं होतं. "पुस्तक न्यायचं त वस्तू ठेवायची. पुस्तक आलं का वस्तू गेली. तो विळा भावजींचा. कापनीच्या आत पुस्तक नाय आनलं त भात काय दातानं कापतील?"

"अगो वयनी, शेवटची चार पानं ऱ्हायलीत!" नाथू कळवळून म्हणाला.

शर्मिला आत गेली. भाताच्या कणगीशेजारच्या फळकुटावर पुस्तकं उभी होती, कोरडी, सडपातळ. एकात खूण म्हणून भाताची लोंबी घातलेली होती. उंची मोजायला पट्टी नव्हती, आणि नवल म्हणजे तिला मोजावंसं वाटलंही नाही.

सरांनी मात्र फळकुटावरचा गठ्ठा उचललाच. तो छातीशी धरून ते दारात येतात तोच समोर रिक्षा थांबली. सुप्रिया वीर स्टेशनला उतरून महाडला थांबलीच नव्हती. सूचीत शाखेचा पत्ता वाडीचा होता, ती सरळ शाखेत आली होती.

"बयाबाई शाखा हीच ना?"

सर गठ्ठ्यामागे जमेल तेवढे लपले.

"हीच," शर्मिला म्हणाली. पुन्हा शंभर टक्के खरं.

"शाखा उघडते किती वाजता?"

"म्हशींचं दूध काढून झालं का," बयाबाई म्हणाली.

"आणि बंद?"

"दाराला कडीच नाय गो बाय."

सुप्रियानं घराकडे पाहिलं, कणगीकडे पाहिलं. "ते भाताचं पुस्तक?"

"हाय ना. पन ठेवनार काय?"

शर्मिलानं पद्धत समजावून सांगितली. सुप्रियानं गळ्यातलं ओळखपत्र काढलं. बयाबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं, फोटो ताडून पाहिला आणि कोनाड्यातल्या खिळ्याला अडकवलं. सरांच्या हातातल्या गठ्ठ्यातून पुस्तक ओढून तिनं पाहुणीच्या हाती दिलं.

"पुस्तकं फिरतायत की," पान उलटत सुप्रिया म्हणाली. "मग तुमचं नाव काढायचा प्रश्न नाही. फक्त या शाखांना मंजुरी कुणाची आहे, तेवढं मला लिहावं लागेल."

सगळ्यांनी दत्ताराम सरांकडे पाहिलं. सरांनी खाली दरीकडे पाहिलं. खूप खाली नदी होती. इथून ती वाळत घातलेल्या धोतराएवढी दिसत होती. त्यांनी तोंड उघडलं.

"बघू म्हनू नका, सर," बयाबाई म्हणाली. "बघाया त्या बाई आल्यात."

सर वळले. कणगीशेजारी जाऊन त्यांनी गठ्ठा फळकुटावर ठेवला. वरचं एक पुस्तक तेवढं काढून काखेत मारलं, मग खिसे चाचपले. ज्या पेनानं इतकी वर्षं एकाही ठरावावर सही झाली नव्हती, ते काढून त्यांनी नाथूच्या विळ्याशेजारी ठेवलं.

"मंजुरी माझी," ते म्हणाले. "पुस्तकं खाली न्यायची नाहीत. इथंच राहतील. ठरलं."